दहा हजार थेंब

"अंगात त्राणच राहिलं नाही बघ," असं कुणी म्हणालं की आमच्या भागात समोरच्याचं उत्तर तयार असतं. "मग दोन बाटल्या लावून घे की." कसल्या बाटल्या, कुठे लावायच्या, हे विचारायची गरज पडत नाही. ताप येऊन गेला, बाटली. घरातलं लग्न पार पडलं आणि वरमाय आडवी झाली, बाटली. परीक्षेच्या तोंडावर पोरगं जेवेना, बाटली. उपोषणाच्या मंडपातसुद्धा नेत्याच्या हाताला सलाईन लागलं की उपोषण खरं, अशी लोकांची समजूत असते. सलाईन हा उपचार आहेच, पण आपल्याकडे ती एक कबुलीही आहे. या माणसाला खरंच बरं नाही, अशी घराने आणि गावाने दिलेली कबुली. गोळी घेतलेल्या बाईला संध्याकाळी भाकरी थापाव्या लागतात. सलाईन लावलेल्या बाईला निदान त्या दिवशी कुणी उठवत नाही.

हीच बाटली आता शहरात घरपोच मिळते. फोनवर नाव-पत्ता भरायचा, 'एनर्जी', 'इम्युनिटी', 'ग्लो' यांतलं एक निवडायचं, काही हजार रुपये भरायचे आणि ठरल्या वेळी परिचारिका पिशवी घेऊन दारात हजर. जाहिरातीतली बाई सोफ्यावर रेललेली असते, मांडीवर लॅपटॉप, हाताला नळी, चेहऱ्यावर हसू. तालुक्याच्या दवाखान्यात लोखंडी खाटेवर डोळे मिटून पडलेली बाई आणि ही सोफ्यावरची बाई, या दोघींचं दुखणं एकच आहे असं मला वाटतं. दोघींना उद्या कामावर जायचंय.

खाटेवरची बाई मी लहानपणापासून बघितलेली आहे. साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या एका गावात माझ्या वडिलांचं औषधांचं दुकान होतं. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या येत, माळावर पाचटाच्या कोप्या उभ्या राहत, आणि दुकानातली सलाईनच्या बाटल्यांची खोकी भराभर रिकामी व्हायला लागत. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामभर फेडायची. एक दिवस कामावर गेलं नाही तर तो 'खाडा', म्हणजे त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वर दंडही बसतो. बायका पहाटे उठून स्वयंपाक उरकत, दिवसभर ऊस तोडून मोळ्या वाहत आणि रात्री परत चुलीपुढे बसत. अशी एखादी बाई दवाखान्यातली चिठ्ठी घेऊन यायची: एक डीएनएस, म्हणजे साखर-मिठाच्या पाण्याची बाटली, एक सेट, एक सुई, एमव्हीआयची एक ॲम्प्युल. चिठ्ठी दाखवताना ती आठवणीने सांगायची, "पिवळी द्या भाऊ, पांढरी नको. पांढरीत काय ताकद नस्ती."

पिवळा रंग त्या एमव्हीआयमुळे येतो. मल्टिव्हिटॅमिनच्या ॲम्प्युलमध्ये ब-२, म्हणजे रायबोफ्लेविन असतं, ते मुळातच पिवळंधम्मक. बाटलीतलं बाकीचं दादा हिशेबाच्या कागदावर मांडून दाखवायचे. अर्धा लिटर डीएनएसमध्ये २५ ग्रॅम ग्लुकोज आणि साडेचार ग्रॅम मीठ. उरलेलं पाणी. त्या ग्लुकोजच्या कॅलरी शंभरही भरत नाहीत. ज्वारीच्या एका भाकरीतून यापेक्षा जास्त मिळतात. हे त्यांनी एकदा अशाच एका बाईला समजावून सांगितलं होतं. भाकरी नीट खा, गूळ-शेंगदाणे खा, पाणी भरपूर पी, बाटलीचे पैसे पोरांना दुधासाठी ठेव. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाकरी खाल्ली म्हणून मुकादम दुपारची सुट्टी देत न्हाई, भाऊ. हाताला पट्टी दिसली की देतो."

दादांनी तिला बाटली दिली. दुसरं काय देणार होते?

सोफ्यावरची बाई मला माझ्या धाकट्या जावेच्या रूपाने भेटली. ती पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. रात्री अमेरिकेतल्या लोकांशी मीटिंग, सकाळी मुलांची शाळा, मध्ये सासूबाईंची औषधं. गेलं वर्षभर ती थकलेली होती. दोन जिने चढले की धाप लागायची, केस पुंजक्या-पुंजक्याने गळायचे. ऑफिसातल्या एकीने हे घरपोच ड्रिप लावून घेतलं होतं, तिला म्हणे आठवडाभर छान हुशारी वाटली. म्हणून हिनेही एका शनिवारी दुपारची वेळ घेतली. मी तेव्हा त्यांच्याकडेच होते.

आधी व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलणं झालं. ॲलर्जी आहे का, बीपी, शुगर, किडनीचा काही त्रास, गरोदर तर नाही ना, एवढं विचारून ते थोडक्यात उरकलं. मग सिस्टर आली. लातूरकडची मुलगी, नर्सिंगचा जीएनएम कोर्स झालेली, एका मोठ्या हॉस्पिटलात रात्रपाळ्या करते आणि सुट्टीच्या दिवशी ही कामं घेते. तिचं काम बघत राहावं असं होतं. तिने हात धुतले, टेबलावर स्वच्छ कागद पसरला, बाटली पडद्याच्या दांडीला अडकवली, सेटमधली हवा काढली. "मूठ आवळा ताई, सोडा, परत आवळा." शिरेवर बोट ठेवून तिने जरा अंदाज घेतला आणि निळ्या टोपणाची बारीक कॅन्युला पहिल्या प्रयत्नात आत गेली. ॲम्प्युलची मान मोडून औषध बाटलीत सोडलं तेव्हा पाण्यात एक पिवळी रेघ उतरली, हलली, आणि बघता बघता सगळी बाटली पिवळी झाली. माळावरच्या बायका मागायच्या तीच पिवळी. ड्रिप चेंबरकडे बघत सिस्टर घड्याळावर थेंब मोजत होती. आपल्याकडच्या साध्या सेटमधून साधारण वीस थेंबांचं एक मिलिलिटर होतं, म्हणजे एका बाटलीचे दहा हजार थेंब.

जाऊ पडल्या पडल्या पेल्यातला बर्फ कडाकडा चावत होती. तिची ती अलीकडची सवयच झाली होती, फ्रीजमधला बर्फाचा ट्रे तिच्यामुळे कधी भरलेला नसायचा. सिस्टरचं लक्ष तिकडे गेलं.

"ताई, बर्फ रोज खाता का?"

"हो ना, सारखा खावासा वाटतो."

सिस्टरने बोटाने तिच्या डोळ्याची खालची पापणी अलगद ओढून बघितली, मग नखं बघितली. "हिमोग्लोबिन कधी केलंय?" जावेला आठवेना. धाकट्याच्या बाळंतपणात कधीतरी केलं असेल. "पाळीत जास्त जातं का?" जाऊ माझ्याकडे बघायला लागली. जात होतं, वर्षभर फारच जात होतं, पण चाळिशी आली की असंच होतं असं तिने धरून ठेवलं होतं. आणि आमच्यापैकी कुणी तिला विचारलं नव्हतं. "ताई, हे झालं की सोमवारी सीबीसी करा. फेरिटिन पण करा," सिस्टर म्हणाली आणि पुन्हा थेंबांकडे वळली. सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची आणि हिमोग्लोबिनची तपासणी, फेरिटिनवरून अंगातला लोहाचा साठा कळतो. लोह फार कमी झालं की असा सारखा बर्फ खावासा वाटू शकतो.

हजारो रुपयांच्या त्या भेटीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट ही होती आणि ती पॅकेजमध्ये नव्हती.

शिरेतून मीठपाणी द्यायची सुरुवात कॉलऱ्याच्या साथीत झाली. १८३१ साली कॉलरा इंग्लंडात पोचला तेव्हा विल्यम ओशॉनेसी नावाच्या विशीतल्या डॉक्टराने रोग्यांचं रक्त तपासलं आणि त्यातलं पाणी आणि क्षार कमी झालेत असं सांगितलं. हाच ओशॉनेसी पुढे कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या लाइनी टाकण्याचं मोठं काम त्याने केलं. त्याचा निष्कर्ष वाचून स्कॉटलंडमधल्या लीथच्या थॉमस लॅटाने १८३२ साली क्षारांचं पाणी थेट रोग्याच्या शिरेत सोडून बघितलं. पहिली रोगी एक म्हातारी बाई होती, जवळजवळ गेलेलीच. लॅटा थोडं थोडं करत पाणी सोडत गेला. बऱ्याच वेळाने तिचा श्वास सुधारला, खोल गेलेले डोळे वर आले, नाडी लागली, अंगात ऊब आली. आता धोका टळला असं समजून तो तिला तिथल्या सर्जनच्या हवाली करून विश्रांतीला गेला. पण जुलाब-उलट्या कायमच्या थांबलेल्या नव्हत्या. त्या पुन्हा सुरू झाल्या आणि साडेपाच तासांत बाई गेली.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सलाईनची सगळी ताकद तिच्यात दिसते, मेलेल्याला उठवावं अशी. आणि सलाईनला काय जमत नाही तेही तिच्यातच दिसतं. गळती चालू असेल तर वरून भरलेलं टिकत नाही.

आज 'एनर्जी ड्रिप' म्हणून जे विकतात त्याचा वंश मात्र कॉलऱ्याकडून येत नाही. अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन मायर्स नावाचे डॉक्टर होते. ते मॅग्नेशियम, कॅल्शियम, ब गटातली जीवनसत्त्वं आणि क जीवनसत्त्व यांचं मिश्रण रोग्यांना शिरेतून द्यायचे. १९८४ साली ते वारले आणि त्यांचे काही रोगी ॲलन गॅबी या दुसऱ्या डॉक्टरांकडे आले. मायर्स नेमकं काय आणि किती द्यायचे याची नीट नोंद नव्हती, म्हणून गॅबींनी अंदाजाने आपलं मिश्रण बसवलं आणि २००२ साली त्यावर लेख लिहिला. तेच 'मायर्स कॉकटेल'. आजच्या बहुतेक पॅकेजांच्या मुळाशी हेच मिश्रण आहे. अंगभर दुखणं आणि न हटणारा थकवा अशा फायब्रोमायल्जियाच्या चौतीस रोग्यांवर येल विद्यापीठाशी संलग्न संशोधकांनी त्याचा प्रयोग केला, तो २००९ साली छापून आला. आठ आठवडे अर्ध्यांना मायर्स कॉकटेल आणि अर्ध्यांना नुसतं क्षारांचं पाणी, कुणाला काय चाललंय ते न सांगता. दोन्ही गटांना बरं वाटलं. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. प्रयोग लहान होता, त्याच्यावर सगळा निकाल देता येणार नाही. पण नुसत्या पाण्यानेसुद्धा लोकांना बरं वाटलं, हे मला खोटं वाटत नाही. मी ते खाटेवरच्या बायकांच्या चेहऱ्यावर बघितलेलं आहे.

का बरं वाटतं? माझ्या मते एक कारण अगदी साधं आहे. आपल्याकडची थकलेली बाई पाणी कमी पिते. शेतात आडोसा नाही म्हणून, ऑफिसात मीटिंगा संपत नाहीत म्हणून, प्रवासात स्वच्छ संडास सापडत नाही म्हणून. अर्धा लिटर पाणी अंगात गेलं की डोकं हलकं होतं. दुसरं कारण असं, की तेवढा वेळ तिला आडवं पडता येतं. हाताला सुई आहे, उठायची सोयच नाही. कुकरची शिट्टी दुसऱ्या कुणीतरी मोजायची. कुणीतरी शेजारी बसतं, कपाळाला हात लावून बघतं, "गार वाटतंय का? पांघरूण घालू?" असं विचारतं. जावेच्या दिराने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, त्या दुपारी आपण होऊन चहा केला. हे मी सांगते आहे ते त्याचं कौतुक म्हणून. पण सुई नसती तर तो उठला असता का, हेही मला विचारावंसं वाटतं. विश्रांती ही गोष्ट बाईला मागून मिळत नाही, ती तिला औषध म्हणून लिहून द्यावी लागते. या बाटलीचा खप जितका जीवनसत्त्वांवर आहे तितकाच या एका गोष्टीवर आहे.

राहता राहिली जीवनसत्त्वं. क जीवनसत्त्व तोंडाने दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास गेलं की रक्तातली त्याची पातळी जवळजवळ टोकाला पोचते. त्यापुढे मूत्रपिंडं जादा माल बाहेर टाकायला लागतात. शिरेतून दिलं तर पातळी काही तास खूप वर जाते हे खरं, पण निरोगी माणसाला तिचा उपयोग काय? भरलेल्या हौदात आणखी पाणी सोडलं तर ते काठावरून वाहून जाणार. दुसऱ्या दिवशी लघवी पिवळीजर्द होते, ते त्या महागड्या रायबोफ्लेविनचं वाहून जाणंच असतं. ज्यांचा हौद खरोखर रिकामा आहे त्यांची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षं दारू पिऊन कुपोषित झालेल्या माणसाला शिरेतून थायमिन, म्हणजे ब-१, द्यावंच लागतं, नाहीतर मेंदूला इजा होते. आतड्याचा मोठा भाग काढलेल्या रोग्याला सगळं अन्नच शिरेतून देतात, जीवनसत्त्वांसकट. तिथे ही बाटली म्हणजे प्राण.

आणि ब-१२? इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण ही महाराष्ट्राची दुखरी जागा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या गावांतल्या आणि शहरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. २००६ साली ते छापून आलं. सुमारे दोन तृतीयांश पुरुषांमध्ये ब-१२ कमी निघालं. हे जीवनसत्त्व मुख्यतः मांस, मासे, अंडी, दूध यांतून मिळतं. शाकाहारी घरात दूधही बेताचं असेल तर ते कुठून येणार? मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्येही ते कमी होऊ शकतं. म्हणजे हात-पाय मुंग्या येणारा, गळून गेलेला माणूस इंजेक्शन घेऊन खरोखर सुधारला, तर ते नुसतं मनाचं समाधान म्हणून सोडून देता येणार नाही. पण त्यासाठी रक्ताची एक तपासणी लागते, आणि कमी निघालं तर बहुतेकांना गोळीनेही भागतं. पचनात दोष असेल, नसांवर परिणाम झालेला असेल, तर स्नायूत इंजेक्शन. दहा हजार थेंबांची त्याला गरज नाही.

मुंबईत परळला हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. गिरणगावातली ती इमारत म्हटली की लोकांना प्लेगची लस आठवते. मला लुसी विल्स आठवते. ही इंग्रज डॉक्टर १९२८ साली मुंबईत आली. कापड गिरण्यांशी संबंधित गरीब वस्तीतल्या गरोदर बायका एका विचित्र पंडुरोगाने मरत होत्या. रक्तातल्या तांबड्या पेशी थोड्या आणि आकाराने फुगलेल्या. विल्सने या बायकांच्या घरात काय शिजतं ते बघितलं, कुणाला काय परवडतं ते टिपलं. त्यांच्यासारखाच निकृष्ट आहार प्रयोगशाळेतल्या जनावरांना देऊन बघितला. शेवटी गुण आला तो मार्माइटने, इंग्रज लोक न्याहारीला पावावर लावतात त्या खारट काळपट यीस्टच्या अर्काने. आधी माकडाला आला, मग बायकांना. १९३१ साली तिने हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातल्या अनामिक घटकाला बरीच वर्षं 'विल्स फॅक्टर' म्हणत. पुढे तो फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. आज गरोदर बाईच्या हातात आशाताई जी लोह-फॉलिकची गोळी ठेवते, तिच्यातल्या अर्ध्या भागाचा उगम परळमध्ये आहे. मुंबईकरांनी याचा अभिमान बाळगायला हवा, आणि शाळेच्या पुस्तकात हे यायला हवं.

विल्सने थकलेल्या बायकांना 'तुम्ही का थकलात' हा प्रश्न विचारला होता. उत्तर सापडेपर्यंत ती थांबली. आणि जे उत्तर सापडलं ते चमच्याने तोंडात घालता येत होतं.

तोंडाने घेतलेलं कमी ताकदीचं, ही समजूत आपल्या मनात किती घट्ट आहे! तिच्यावर कलकत्त्याचे डॉक्टर दिलीप महालनबीस यांची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९७१ साली बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगावच्या छोट्या रुग्णालयात कॉलऱ्याचे रोगी जमिनीवर दाटीवाटीने पडलेले, सलाईनचा साठा संपत आलेला. महालनबीसांनी लिटरभर पाण्यात २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा असं मिश्रण पिंपांत तयार करवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती पेले दिले. पाजत राहा. छावण्यांमध्ये आधी तीस टक्क्यांच्या घरात असलेला मृत्युदर त्यांच्याकडे साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला. साखरेच्या जोडीने मीठ आतड्यातून आत ओढलं जातं, आणि त्यामागून पाणी, हे शरीरशास्त्र तेव्हा माहीत होतं. मोठ्या साथीत त्याच्यावर एवढा भरवसा टाकायला मात्र कुणी धजावत नव्हतं. २०२२ साली ते गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. आज जिल्हा परिषदेच्या दवाखान्यात फुकट मिळणारं ओआरएसचं, म्हणजे अशाच साखर-मिठाच्या मिश्रणाचं, पाकीट लोक घरी नेऊन फडताळात टाकतात आणि त्याच जुलाबांसाठी पैसे मोजून बाटली लावतात, तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

बाटली निरुपद्रवी असती तर एवढं बोलायची गरज नव्हती. पण शिरेत शिरलेल्या गोष्टीला परत काढता येत नाही. म्हाताऱ्या माणसाचं हृदय कमजोर असेल आणि एका तासात बाटली उरकली, तर पाणी फुप्फुसात उतरून माणूस घुसमटतो. मूत्रपिंडं अधू असतील तर मॅग्नेशियम आणि पोटॅशियम साठतं. क जीवनसत्त्वाच्या मोठ्या डोसने मूत्रपिंडात ऑक्झलेटचे स्फटिक साचू शकतात. ज्यांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी हे विकर कमी आहे त्यांच्या तांबड्या पेशी फुटू शकतात, आणि आपल्याकडे पारशी समाजात आणि काही आदिवासी जमातींत हा दोष बऱ्यापैकी आढळतो. सुया-सिरिंजांच्या हलगर्जीपणाने काय होतं ते शेजारच्या गुजरातेत मोडासाला २००९ साली दिसलं. तिथे वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या गेल्या आणि हिपॅटायटिस-बीच्या साथीत कितीतरी माणसं दगावली. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही २०२१ साली अशा ड्रिप केंद्रांमध्ये औषधं अस्वच्छ जागी मिसळली जात असल्याबद्दल इशारा दिला होता. म्हणजे हा प्रश्न फक्त खेड्यातल्या बोगस डॉक्टरचा नाही.

जावेने सोमवारी सीबीसी केलं. हिमोग्लोबिन ७.९ निघालं, फेरिटिन ४, दोन्ही फारच कमी. ड्रिपनंतरचा रविवार तिचा छान गेला होता, बाजारात जाऊन आली होती. सिस्टर बोलली नसती तर तिने पुढच्या महिन्याचं पॅकेज घेतलं असतं आणि पाळीत दर महिन्याला रक्त जात राहिलं असतं. लॅटाच्या रोग्यासारखंच, वरून भरणं आणि खालून गळणं. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे सोनोग्राफीत फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली गाठ, दिसला. त्यावर उपचार सुरू झाले. लोहाच्या गोळ्यांनी तिला पोटाचा फार त्रास व्हायला लागला आणि आकडा वर सरकेना, तेव्हा डॉक्टरांनी शिरेतून लोह द्यायचं ठरवलं. हो, शिरेतूनच. रुग्णालयात, ॲलर्जी उठलीच तर म्हणून शेजारी ॲड्रेनलिन तयार ठेवून, नंतर अर्धा तास नजरेखाली बसवून. ते द्रावण काळपट तपकिरी दिसतं. पिवळ्याचा झगमगाट त्याला नाही. काही आठवड्यांनी तिचं बर्फ खाणं कमी झालं आणि मग कधीतरी थांबलं, ते तिच्याही लक्षात आलं नाही. फ्रीजमधला ट्रे भरलेला दिसला तेव्हा सासूबाईंनी विचारलं.

देशात पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायकांमध्ये सत्तावन्न टक्के बायकांना रक्तक्षय आहे, असं २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने सांगितलं. महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. म्हणजे ज्या ज्या बाईच्या दारात ही पिवळी बाटली जाते, तिच्या बाबतीत सगळ्यांत आधी हीच शंका यायला हवी. थायरॉइड, मधुमेह, क्षयरोग, झोप, मनाची उदासी, सगळं बघावं लागतं, पण रक्त आधी. सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते.

म्हणून ही सेवा देणाऱ्यांकडे माझी मागणी आहे. ड्रिपची वेळ देण्याआधी तीन महिन्यांतला सीबीसी रिपोर्ट मागा. फॉर्ममध्ये पाळीचा प्रश्न घाला. गरोदर आहात का, एवढ्यावर बाईचं शरीर संपत नाही. आणि दारात जाणाऱ्या सिस्टरला, पापणी बघून, नाडी बघून, "ताई, आज मी हे लावत नाही, आधी डॉक्टरांना दाखवा," असं म्हणायचा अधिकार लेखी द्या, आणि ती तसं म्हणाली तर तिचे त्या भेटीचे पैसे कापू नका. आमच्याकडे आलेल्या मुलीने जे केलं ते स्वतःच्या शिक्षणाच्या आणि सद्बुद्धीच्या जोरावर केलं. तिला तसं करायला कुणी सांगितलेलं नव्हतं आणि त्याचा मोबदलाही मिळाला नाही. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या मुकादमांनीही हाताची पट्टी न बघता बाईला दुपार द्यावी, हे कोण, कसं घडवून आणणार, त्यासाठी कामगार खात्याला आणि कारखान्यांना एकत्र बसावं लागेल. यंदाचा गळीत हंगाम सुरू व्हायच्या आत ती बैठक व्हायला हवी.